‘हुतात्मा’, ‘शहीद’ की ‘रक्तसाक्षी’?

चंद्रपूर जिल्ह्यातील एका गावातून आलेला प्रश्न असा आहे : चर्चच्या सणानिमित्त एक छोटी पुस्तिका छापायची असून तिच्यात संत गोन्सालो गार्सिया आणि श्रद्धेसाठी प्राण दिलेले इतर मिशनरी यांच्यावर एक पान आहे. त्यांना उद्देशून तरुण मंडळींना ‘शहीद’ हा शब्द हवा आहे, शाळेतले गुरुजी ‘हुतात्मा’ सुचवतात, तर मूळच्या केरळच्या असलेल्या सिस्टर ‘रक्तसाक्षी’ म्हणतात. यांतला योग्य शब्द कोणता, आणि ‘त्यांची भक्ती’ असे लिहिणे बरोबर आहे का?

तिन्ही शब्द मराठीत चालतात आणि कोणताही अशुद्ध नाही. मात्र प्रार्थनेच्या व सणाच्या मजकुरात माझे मत सिस्टरांच्या बाजूने पडते. ग्रीक भाषेतल्या ‘मार्तुस’ या शब्दाचा मूळ अर्थ ‘साक्षीदार’ एवढाच होता; न्यायालयात उभा राहून पाहिलेले सांगणारा माणूसही मार्तुसच. बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात येशू शिष्यांना ‘तुम्ही माझे साक्षी व्हाल’ असे सांगतो तेव्हा तेथे हाच शब्द आहे, आणि त्याच पुस्तकाच्या बाविसाव्या अध्यायात पौल श्रद्धेसाठी मारल्या गेलेल्या स्तेफनाचे रक्त सांडल्याचा उल्लेख करतो तेव्हाही हाच. साक्ष देता देता रक्त सांडण्याची वेळ येऊ लागली, तसा या शब्दाला मरणाचा अर्थ चिकटत गेला. ‘रक्ताने साक्ष देणारा तो रक्तसाक्षी’ या समासात मूळ अर्थ आणि नंतरचा अर्थ दोन्ही राहतात. मल्याळममध्ये हाच शब्द रूढ आहे, इतका की राजकीय चळवळीत मारल्या गेलेल्या कार्यकर्त्यालाही तेथे रक्तसाक्षीच म्हणतात. तुमचा चांदा (चंद्रपूर) धर्मप्रांत केरळातल्या सिरो-मलबार या ख्रिस्ती परंपरेचा असल्यामुळे तुमच्याकडच्या सिस्टरांच्या तोंडी तो सहज येणारच. पण म्हणून तो बाहेरून आणलेला ठरत नाही, कारण मराठी ख्रिस्ती लेखनातही तो वापरला जातो.

गंमत अशी की अरबी ‘शहीद’ याही शब्दाच्या मुळाशी साक्ष देणेच आहे. म्हणजे व्युत्पत्तीच्या न्यायाने तरुण मंडळींचा शब्द गुरुजींच्या शब्दापेक्षा मूळ अर्थाच्या अधिक जवळचा ठरतो. अडचण व्युत्पत्तीची नाही, सहवासाची आहे. विदर्भात ‘शहीद’ म्हटले की १९४२च्या ऑगस्टमधल्या स्वातंत्र्यलढ्यातले चिमूर आणि आष्टी डोळ्यांपुढे येतात. वर्धा जिल्ह्यातल्या त्या आष्टीच्या नावालाच लोक ‘शहीद’ जोडतात. इंग्रजांविरुद्ध उठाव करून चांद्याला १८५८ साली फाशी गेलेले बाबूराव शेडमाके, नागपुरात १९९४ साली मोर्चातल्या चेंगराचेंगरीत गेलेले गोवारी बांधव, यांच्या नावांशीही हाच शब्द बांधलेला आहे. एवढ्या आठवणी वाहणारा शब्द पुस्तिकेत घातला, तर वाचकाच्या मनात आधी सत्तेविरुद्धचा लढा उभा राहील आणि श्रद्धेची साक्ष मागे पडेल.

‘हुतात्मा’ हा शब्द सावरकरांच्या भाषाशुद्धीच्या शब्दांत गणला जातो. ‘हुत’ म्हणजे अग्नीत अर्पण केलेले. ज्याने स्वतःचीच आहुती दिली तो हुतात्मा. शब्द देखणा आहे आणि वर्तमानपत्री गद्यात तो खुशाल वापरावा. परंतु त्यात आहुती देणारा स्वतःच कर्ता आहे, आणि चर्चची भूमिका येथे काटेकोर आहे : मरण ओढवून घेणाऱ्याला ती हा मान देत नाही. मारणाऱ्याने श्रद्धेच्या द्वेषापोटी मारलेले असावे आणि मरणाऱ्याने श्रद्धा न सोडता ते मरण स्वीकारलेले असावे, अशा दोन कसोट्या लावल्या जातात. शस्त्र घेऊन लढताना आलेले मरण त्यात बसत नाही. म्हणून ‘वीरमरण आले’ हा सैनिकांसाठीचा वाक्प्रचार मात्र पुस्तिकेत कुठेही नको.

या कसोट्यांमुळे ‘मिशनरी’ या विशेषणाकडेही नीट पाहावे लागते. परमुलखात सेवा करता करता मरण पावलेला प्रत्येक मिशनरी रक्तसाक्षी ठरत नाही. हवाईतल्या मोलोकाई बेटावर कुष्ठरोग्यांची सेवा करताना त्याच रोगाने १८८९ साली वारलेले फादर डेमियन २००९ साली संत घोषित झाले, पण रक्तसाक्षी म्हणून नव्हे. आनंदवन आणि तपोवन ज्या प्रदेशात उभे राहिले, तेथल्या वाचकाला या सेवेचे मोल वेगळे सांगायला नको. तरीही तिला वेगळे नाव हवे. पोप फ्रान्सिस यांनी ११ जुलै २०१७ रोजी प्रेमापोटी प्राण अर्पण करणाऱ्यांसाठी संतपदाची स्वतंत्र वाट घालून दिली. तिला मराठीत ‘जीवनार्पण’ म्हणता येईल. याउलट सिस्टर राणी मारिया यांचे उदाहरण घ्या. भूमिहीन शेतमजुरांना सावकारीच्या फासातून सोडवू पाहणाऱ्या या सिस्टरला २५ फेब्रुवारी १९९५ रोजी इंदूरजवळ बसमध्ये भोसकून मारण्यात आले. वरवर पाहता हे सावकारीचे वैर वाटते, पण चर्चने त्यांना रक्तसाक्षी मानले आणि ४ नोव्हेंबर २०१७ रोजी ‘धन्य’, म्हणजे संतपदाच्या आधीच्या पायरीवर, घोषित केले. त्यांच्या नावामागे अजून ‘संत’ लावू नये.

गोन्सालो गार्सिया यांच्याबद्दल दोन दुरुस्त्या सुचवतो. ते फादर, म्हणजे धर्मगुरू, नव्हते; फ्रान्सिस्कन या धर्मसंघाचे ब्रदर होते. वसईत जन्मलेल्या या माणसाला जपानी भाषा येत असल्यामुळे सोबतच्या धर्मगुरूंसाठी ते दुभाष्याचे काम करीत. दुसरे असे की ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला क्रुसावर ज्या २६ जणांना मारले, त्या सर्वांना ‘मिशनरी’ म्हणता येणार नाही. त्यांत सहा फ्रान्सिस्कन होते, तीन जेज्वीट या दुसऱ्या धर्मसंघाचे होते आणि उरलेले सतरा प्रापंचिक, म्हणजे कोणत्याही धर्मसंघात नसलेले सामान्य श्रद्धावंत, होते. फ्रान्सिस्कन सोडले तर बहुतेक सगळे जपानीच. म्हणून ‘नागासाकीचे रक्तसाक्षी’ हे शीर्षक बिनचूक होईल. १८६२ साली हे सर्व संत घोषित झाले. रोमन पंचांगात त्यांचा सण ६ फेब्रुवारीला येतो, कारण ५ तारीख संत आगाथाची आहे. त्या दिवसाला ‘पुण्यतिथी’ म्हणण्यापेक्षा ‘सण’ म्हणावे; प्राचीन चर्च रक्तसाक्षींच्या मृत्युदिनाला त्यांचा स्वर्गातला जन्मदिन म्हणत असे.

आता ‘भक्ती’. ‘आराधना’ हा शब्द केवळ देवासाठी राखून ठेवावा. ‘रक्तसाक्षींची भक्ती’ असे लिहिण्यास हरकत नाही, पण शेगावच्या वाटेवर पायी चालणाऱ्या शेजाऱ्याला त्या शब्दातून देव आणि संत यांच्यात भेद दिसेलच असे नाही. तो भेद क्रियापदाने दाखवावा : देवाची आराधना करतात, संतांची मध्यस्थी मागतात. संतांच्या प्रार्थनामालेत प्रत्येक नावामागे ‘आमच्यासाठी विनंती कर’ असे म्हणतात, ‘आम्हांला दे’ असे नाही.

राहिला रूपांचा प्रश्न. ‘शहीद’चे अनेकवचनी सामान्यरूप ‘शहिदां-’ असे ऱ्हस्व होते आणि ‘हुतात्मा’चे ‘हुतात्म्यां-’. ‘रक्तसाक्षी’चे ‘मंत्र्यांचा’, ‘विद्यार्थ्यांचा’ यांच्या धर्तीवर ‘रक्तसाक्ष्यांचा’ व्हायला हवे. पण ‘साक्ष्य’ हा वेगळा शब्द असल्यामुळे त्या रूपाने घोटाळा होतो. ‘ऋषींचा’प्रमाणे ‘रक्तसाक्षींचा’ लिहावे. स्त्रीसाठी शब्द बदलत नाही, आणि भाववाचक नाम हवे असल्यास ‘रक्तसाक्ष’ हे स्त्रीलिंगी नाम वापरून ‘त्यांनी नागासाकीला रक्तसाक्ष दिली’ असे वाक्य करता येते.