पॅसिव्ह व्हॉइसला ‘कर्मणी’ म्हणणे थांबवा

प्रश्न असा आला आहे : आठवीतल्या मुलीच्या इंग्रजीच्या वहीत ‘पॅसिव्ह व्हॉइस = कर्मणी प्रयोग’ असे लिहून दिले आहे. हे बरोबर का, आणि कर्तरी-कर्मणी हे शब्द मुळात आले कुठून?

बरोबर नाही. अप्पा बळवंत चौकातून घरी येणाऱ्या गाइडांपासून पेठांतल्या क्लासांपर्यंत हे समीकरण ऐकून कान किटले आहेत.

‘मंदा पत्र लिहिते’ हा कर्तरी. तेच काल घडले की ‘मंदाने पत्र लिहिले’, आणि हा कर्मणी, कारण क्रियापद आता पत्राच्या मागे निघाले. चिठ्ठी असती तर ‘लिहिली’ झाले असते. इंग्रजीत मात्र ‘मंदा राइट्स’ आणि ‘मंदा रोट’ दोन्ही अ‍ॅक्टिव्ह. नुसता काळ बदलल्याने व्हॉइस कसा बदलेल? प्रयोग सांगतो की क्रियापद कोणाच्या लिंग-वचनाने चालते. व्हॉइस सांगतो की वाक्यात यजमान कोण, म्हणजे वाक्य कोणाला धरून चालले आहे. पडताळा हवा तर ‘आपला’ घालून बघा, तो यजमानाकडे बोट दाखवतो : ‘मंदाने आपल्या आईला पत्र लिहिले.’ आई कोणाची? मंदाची. म्हणजे ‘ने’ लागला तरी यजमानीण तीच.

पुणेरी पाट्याच घ्या. ‘घंटा एकदाच वाजवावी’, ‘दारासमोर वाहने लावू नयेत’. ‘वाजवावी’ घंटेमुळे, ‘नयेत’ वाहनांमुळे. दोन्ही अस्सल कर्मणी. यांत पॅसिव्ह असे काय आहे? पाटी लिहिणाऱ्याला विचारून या, हिंमत असेल तर.

इंग्रजी पॅसिव्हच्या खरोखर जवळ जाते ते ‘पत्र लिहिले गेले’. याला कोणी नवीन कर्मणी म्हणतात, कोणी कर्मकर्तरी. ही रचना इंग्रजीच्या नादाने आली, असे ठोकून देणारे विद्वान आहेत. त्यांनी हिंदीतले ‘लिखा गया’ ऐकलेले दिसत नाही. दुसरे विद्वान संस्कृत काढतात : ‘मन्दया पत्रं लिखितम्’ हे पॅसिव्ह, म्हणून ‘मंदाने लिहिले’ही पॅसिव्ह. उगम तोच, कबूल. पण ‘मी’च्या पोटातही ‘मया’ आहे. म्हणून उद्या ‘मी येतो’ म्हणणाऱ्याला ‘माझ्याकडून येतो’ म्हणायला लावणार का?

आता शब्द. कर्तरि, कर्मणि, भावे ही तिन्ही संस्कृतातली सप्तमीची रूपे : कर्त्याच्या ठायी, कर्माच्या ठायी, भावाच्या ठायी. पाणिनीचे ‘कर्तरि शप्’ हे सूत्र प्रसिद्ध आहे. मराठीत शेवटची इ दीर्घ झाली आणि ‘कर्तरि’चे ‘कर्तरी’ झाले. गंमत अशी की संस्कृतात दीर्घ ‘कर्तरी’ म्हणजे कात्री. आपली कातर आणि कात्री तिथूनच आल्या. तेव्हा कर्तरी प्रयोग म्हणजे अक्षरशः शिंप्याचे काम.

पण ज्यासाठी हे लिहायला बसलो ती गोष्ट वेगळीच. मराठीचा जुना, घरचा पॅसिव्ह कुठे गेला? संस्कृतातला कर्मणी ‘य’ (क्रियते) प्राकृतात ‘इज्ज’ झाला आणि जुन्या मराठीत ‘इज’ : करिजे, बोलिजे, म्हणजे केले जाते, बोलले जाते. आणि हे आत्ताच लिहिलेले ‘म्हणजे’? तेही ‘म्हणिजे’, म्हटले जाते! ‘पाहिजे’ तसेच : पाहिले जाते, म्हणून वाट पाहिली जाते, म्हणून हवे असते. (मधली पायरी माझी, पण मला ती पटते.) म्हणून तर ‘मला पुस्तके पाहिजेत’ होते, मागणारा मी एकटा असलो तरी अनेकवचन पुस्तकांचे. अमृततुल्यासमोर ‘एक चहा पाहिजे’ म्हणणारा माणूस शेकडो वर्षे जुना कर्मणी वापरून मोकळा होतो. आणि त्याच रूपाला ‘पाहिजेल’ असे भविष्यकाळी शेपूट लावणाऱ्यांना काय म्हणावे? ‘पाहिजे असेल’ म्हणायला दोन अक्षरेच जास्त लागतात.

हां, मुलीची वही राहिली. समीकरण खोडून नुसते ‘पॅसिव्ह व्हॉइस’ लिहा. कृती अशी : आधी वाक्यात कर्म आहे का ते बघा, ‘स्लेप्ट’सारख्या अकर्मकाचा पॅसिव्ह होत नाही. कर्म पुढे आणा. मूळ क्रियापदाचा काळ ‘बी’च्या रूपावर चढवा आणि क्रियापदाचे तिसरे रूप लावा : ‘राइट्स’चे ‘इज रिटन’, ‘रोट’चे ‘वॉज रिटन’, ‘हॅज रिटन’चे ‘हॅज बीन रिटन’. ‘इज राइटिंग’चे ‘इज बीइंग रिटन’ होते, आणि मुले नेमके हे ‘बीइंग’ गाळतात. दुसरी नेहमीची चूक म्हणजे ‘वॉज रोट’, तिसऱ्या रूपाऐवजी दुसरे. ‘बाय मंदा’ मंदा महत्त्वाची असेल तरच.

आणि त्या ‘बाय’चे मराठीत ‘द्वारे’ करू नका. ‘विद्यार्थ्यांद्वारे नाटक सादर केले गेले’ असे निमंत्रणपत्रिकेत छापण्यापेक्षा ‘विद्यार्थ्यांनी नाटक सादर केले’ लिहा. कर्मणीच आहे तो.