उत्तर अमेरिकेतल्या ग्रेट लेक्स या मोठ्या सरोवरांवरचे जुने लाकडी टग (दुसरी जहाजं ओढणाऱ्या बोटी) बुडायचे कशाने? वादळानेच का?

वादळ हे एक कारण, पण बरेचदा घात व्हायचा तो ओढदोराने. हे वाफेचे टग या सरोवरांना जोडणाऱ्या डेट्रॉइट आणि सेंट क्लेअर नद्यांतून शिडाची जहाजं प्रवाहाविरुद्ध ओढायचे, नंतर लाकडाच्या ओंडक्यांचे तराफेही. ओढायचा हूक टगच्या मध्याच्या थोडा मागे असतो, म्हणजे टगला वळता येतं. पण मागचं जहाज वेगात पुढे आलं की दोर टगच्या बाजूला आडवा ताणला जातो आणि टग कलंडतो. बॉयलरखोलीचं दार उघडं असेल तर काही क्षणांत खेळ संपतो. म्हणून दोर झटक्यात सुटेल असा हूक हवा. नाहीतर जवळ धारदार कुऱ्हाड हवीच.

दुसरं कारण सावकाश काम करतं. हिवाळ्यात टग पाण्याबाहेर काढला की फळ्या सुकून आकसतात आणि सांधे उघडतात. सांध्यांत डांबरलेले दोराचे धागे नीट ठासले नसतील तर वसंतात लाकूड फुगेपर्यंत पंप थांबवता येत नाही. बोट ढकलणाऱ्या पंख्याच्या दांड्याभोवतीचं, पाणी अडवणारं पॅकिंग झिजलं तर धक्क्याला बांधलेला टगही रात्रीत तळाला जातो. बर्फाची धार ओकच्या फळ्या कापते, म्हणून पाणरेषेवर लोखंडी पत्रा मारत. आगीही खूप लागत.

बुडाल्यावर मात्र ते छान टिकतात. पाणी गोडं आणि थंड, कोकणातल्या होड्या पोखरणारा खाऱ्या पाण्यातला किडा तिथे नाही. अलीकडे बाहेरून आलेल्या क्वागा शिंपल्यांचे थर त्यांवर चढतात, ही खरी काळजी आहे.