डिप्लोमा म्हणजे नेमका कुठला डिप्लोमा?

ताई, तुमचा मुलगा दहावी झालाय. क्लासवाला ‘एका वर्षात कॉम्प्युटर डिप्लोमा’ देतो म्हणतोय आणि पॉलिटेक्निकला तीन वर्षं जातात, मग तीन वर्षं कशाला, असं तुम्ही विचारलंय. साहजिक आहे. नाव दोन्हीकडे डिप्लोमाच, पण कागद वेगळे.

पॉलिटेक्निकच्या डिप्लोम्याची परीक्षा एमएसबीटीई, म्हणजे आपलं राज्य तंत्रशिक्षण मंडळ घेतं. त्यावर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो. क्लासचा कागद तिथे चालत नाही. माझा भाचा असाच एक कागद लॅमिनेट करून कागदपत्र तपासणीला घेऊन गेला होता. टेबलावरच्या मॅडमनी उलटसुलट करून पाहिला आणि एवढंच विचारलं, “बोर्डाची मार्कशीट?” ती नव्हतीच. कागदावर आयएसओचा गोल शिक्का मात्र झकास होता! आयएसओ म्हणजे शिक्षणाची मान्यता नव्हे, हे आम्हाला त्या दिवशी कळलं.

आणखीही डिप्लोमे आहेत. नव्या शैक्षणिक धोरणात चार वर्षांच्या पदवीतून ठरलेले क्रेडिट, म्हणजे अभ्यासाचे श्रेयांक, भरून दोन वर्षांनी बाहेर पडलं की यूजी डिप्लोमा मिळतो. पदवीनंतरचा पीजी डिप्लोमा वेगळा. पीजीडीएम, म्हणजे व्यवस्थापनाचा पीजी डिप्लोमा, हाही डिप्लोमाच, तो एआयसीटीईची, म्हणजे केंद्राच्या तंत्रशिक्षण परिषदेची, मान्यता असलेली संस्था स्वतः देते, तर एमबीए ही विद्यापीठाची पदवी. पदवी कुणी द्यायची हे यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, 1956 च्या कायद्यातच आहे : विद्यापीठ, अभिमत (डीम्ड) विद्यापीठ, नाहीतर संसदेने तसा अधिकार दिलेली संस्था. कॉलेज स्वायत्त असलं तरी पदवी विद्यापीठाचीच.

आयटीआयला लोक उगाच नाकं मुरडतात. वेल्डर एक वर्षाचा, फिटर किंवा इलेक्ट्रिशियन दोन वर्षांचा, आणि हातात केंद्राचं नॅशनल ट्रेड सर्टिफिकेट. पुढे अप्रेंटिसशिप करता येते. दोन वर्षांचा ट्रेड केला की पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाची वाटही असते. हाताने काम करायची आवड असलेल्या पोराला मी आधी हेच सुचवेन.

क्लास वाईटच असतो असं नाही. टॅली शिकायला खुशाल घाला. फक्त पैसे भरायच्या आधी एखाद्या जुन्या विद्यार्थ्याचं प्रमाणपत्र मागून बघा, खाली सही आणि नाव कुणाचं आहे ते वाचा.

त्याला गणित-विज्ञानात किती पडलेत? ते सांगा, मग शाखेचं बघू.