नाशिकमधील सेवाभावी कामातून गरीब कुटुंबे खरोखर वर येतात का?

आपण विचारले आहे की, नाशिकमध्ये इतक्या संस्था, मंडळे आणि दानशूर माणसे धान्य, कपडे, वह्या वाटत असतात, तरी त्याच वस्त्यांमध्ये तीच कुटुंबे वर्षानुवर्षे त्याच ओढगस्तीत का दिसतात; आणि आपण चार मित्रांनी दरमहा काही रक्कम बाजूला काढायचे ठरवले आहे, तर ती कुठे लावावी. सातपूर-अंबड पट्ट्यातील वस्त्यांमध्ये एका छोट्या न्यासाच्या कामात मी बऱ्याच वर्षांपासून आहे. तेथे जे दिसले त्याच्या आधारे हे उत्तर देतो. वाटपाने कुटुंब तगते, पण वर येत नाही. वर येण्यासाठी आधी त्याची घसरण थांबावी लागते आणि त्यानंतर दीड-दोन वर्षे कोणीतरी त्याच्या सोबत राहावे लागते. हे दुसरे काम फार थोड्या संस्था करतात, कारण त्याचा फोटो काढता येत नाही.

याचा अर्थ वाटप व्यर्थ आहे असा घेऊ नये. रामकुंडाच्या परिसरात अन्नछत्रे चालणारे, सिंहस्थात लाखोंच्या पंगती उठवणारे हे गाव आहे. २०२० च्या टाळेबंदीत मुंबई-आग्रा महामार्गावरून पायी निघालेल्या मजुरांना याच जिल्ह्यातील लोकांनी रस्त्यावर उभे राहून जेवू घातले, आणि त्या वेळी त्याहून मोठे दुसरे काम नव्हते. परंतु ज्या गाडगे महाराजांनी नाशिकमध्ये धर्मशाळा उभारली, त्यांची दशसूत्री भुकेल्याला अन्न आणि उघड्याला वस्त्र यांच्यापाशी थांबत नाही. गरीब मुलांचे शिक्षण, रोग्याला औषधोपचार आणि बेकाराला रोजगार हेही तिच्यात आहे. आपल्याकडील बहुतेक दान पहिल्या दोन-तीन ओळींतच संपते.

कुटुंब गरीब राहते ते का, हे आधी पाहू. पेठ, सुरगाणा, हरसूल या भागातून आलेले एखादे जोडपे घ्या. पुरुष सकाळी मजूर अड्ड्यावर उभा राहतो आणि मिळेल त्या बांधकामावर बिगारी म्हणून जातो. बाई दोन-चार घरची धुणीभांडी करते किंवा हंगामात दिंडोरी-निफाडकडे द्राक्षबागेत छाटणी-विरळणीच्या टोळीत जाते. पावसाळ्यात बांधकामे थंडावतात, आणि नेमक्या जून महिन्यात शाळा उघडते. असे कुटुंब सरासरीने पाहिले तर फार वाईट स्थितीत नसते; वर्षातील आठ-नऊ महिने घर चालते. त्याला खाली ओढतो तो एक धक्का, आणि तो बहुधा आजारपणाचा किंवा अपघाताचा असतो. अनिरुद्ध कृष्णा या अभ्यासकाने राजस्थान, गुजरात आणि आंध्र प्रदेशातील गावांमध्ये कोणती कुटुंबे गरिबीत गेली आणि कोणती बाहेर आली याचा कुटुंबनिहाय मागोवा घेतला, तेव्हा घसरणीच्या कारणांत आजारपण आणि त्यावरील खर्च सर्वात वर निघाला. आमच्या वस्त्यांमधील अनुभव याहून वेगळा नाही. गडी परांचीवरून पडतो, पाय मोडतो, त्याची मजुरी थांबते, त्याला सांभाळण्यासाठी बाईचे काम सुटते, आणि औषधपाण्यासाठी सावकाराचे १०,००० रुपये घरात येतात. शेकडा दहाने महिन्याला १,००० रुपये केवळ व्याज जाते. वर्षभरात १२,००० फेडूनही मुद्दल जिथल्या तिथे. हेच पैसे बचत गटातून शेकडा दोनने मिळाले असते तर महिन्याचे व्याज २०० रुपये झाले असते. अशा घरात दिवाळीला दिलेले पाच किलो धान्य खाल्ले जाते, त्याचा उपयोगही होतो, पण त्या व्याजाच्या तोंडाशी ते कुठेच पुरत नाही.

म्हणून माझ्या मते सर्वात मोलाची सेवा म्हणजे आजारपणाच्या पहिल्या आठवड्यात त्या कुटुंबाबरोबर रुग्णालयात जाणारा जाणता माणूस. मोफत उपचारांची राज्य सरकारची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे, आणि तिची मर्यादा आता प्रतिकुटुंब वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत गेली आहे. पण ती योजनेत समाविष्ट केलेल्या उपचारांसाठी, अंगीकृत, म्हणजे योजनेशी जोडलेल्या रुग्णालयातच चालते. घाबरलेले नातेवाईक मात्र रिक्षावाला नेईल त्या रुग्णालयात दाखल होतात आणि अनामत भरून बसतात. दुसरी सोय धर्मादाय रुग्णालयांची. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ कक खाली मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये जी योजना मंजूर केली, तिच्यानुसार या रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवायच्या असतात, आणि एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत वेगळी काढायची असते. ही मेहेरबानी नव्हे, कायद्याने घातलेले बंधन आहे. परंतु निर्धन कोण हे उत्पन्नाच्या दाखल्यावर किंवा शिधापत्रिकेवर ठरते, आणि ज्याच्याजवळ त्या घटकेला कागद नाही त्याला “आज खाट शिल्लक नाही” असे उत्तर मिळू शकते. सोबत गेलेल्या माणसाला दाखल होण्यापूर्वी आरोग्यमित्राला, म्हणजे रुग्णालयात बसणाऱ्या योजनेच्या मदतनीसाला गाठायचे, रुग्णालयाच्या समाजसेवा अधीक्षकाशी बोलायचे, तेथे दाद मिळाली नाही तर धर्मादाय आयुक्तांच्या नाशिकमधील कार्यालयात अर्ज द्यायचा, इतके माहीत असले तरी पुरते. एका कुटुंबाचे एवढे काम झाले तर सावकाराचा उंबरा चढण्याची वेळ अनेकदा टळते. योजना तपासणीसाठी वारंवार येण्याजाण्याचे भाडे देत नाही, बुडालेली मजुरी देत नाही, सोबत राहणाऱ्याचे जेवण देत नाही. आणि तेथे मात्र दोन-तीन हजारांची रोख मदत जे करते ते दहापट रकमेचे वाटप करू शकत नाही.

कागदपत्रांचे काम दिसायला नीरस आहे, पण त्यावाचून पुढचे काहीच हलत नाही. शिधापत्रिकेत नाव गावाकडे सासऱ्याच्या पत्रिकेवर आणि कुटुंब इथे श्रमिकनगरमध्ये. आधारवर जन्मसाल एक, शाळेच्या दाखल्यावर दुसरे. नवऱ्याचे निधन झाले तरी मृत्यूची नोंद न केल्यामुळे संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज पडून. अनुसूचित जमातीच्या दाखल्यासाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा वास्तव्याचा पुरावा लागतो. आजोबा कधी शाळेतच गेले नसतील तर तो पुरावा गावच्या महसुली नोंदींत, नाहीतर एखाद्या चुलत नातेवाइकाच्या शाळेच्या रजिस्टरमध्ये शोधावा लागतो. बिगाऱ्यासाठी बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाच्या योजना आहेत, मुलांना शिष्यवृत्तीही मिळते, पण नोंदणीसाठी मागील वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला हवा असतो आणि अड्ड्यावरच्या मजुराचा ठेकेदार तर आठवड्याला बदलतो. एजंट अशा कामांचे मनमानी पैसे घेतात. जी संस्था महिन्यातून ठरलेल्या दिवशी वस्तीत टेबल टाकून हे अर्ज भरून देते, त्यांचा पाठपुरावा करते आणि नाकारलेला अर्ज का नाकारला ते विचारायला तहसील कार्यालयात जाते, तिच्या कामाला मी ब्लँकेट वाटणाऱ्या दहा मंडळांपेक्षा अधिक मान देईन. आपल्यापैकी कोणाला बँकेतील किंवा सरकारी कार्यालयातील नोकरीचा अनुभव असेल, तर आपल्या वर्गणीपेक्षा तो अनुभव जास्त उपयोगी पडेल.

कर्जाविषयी थोडे अधिक लिहावे लागेल, कारण मागील काही वर्षांत त्याचे रूप पालटले आहे. जुना सावकार आहेच, पण आता बायकांच्या नावाने साप्ताहिक हप्त्याची कर्जे देणाऱ्या कंपन्या गल्लोगल्ली आल्या आहेत, आणि एका कंपनीचा हप्ता भरण्यासाठी दुसरीचे कर्ज उचलणे सर्रास चालते. रिझर्व्ह बँकेच्या १ एप्रिल २०२२ पासूनच्या नियमांनुसार वार्षिक उत्पन्न ३ लाखांपर्यंत असलेल्या कुटुंबाचे सर्व कर्जांचे मिळून मासिक हप्ते त्याच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त होता कामा नयेत. वस्तीत हे कोणाला ठाऊक नसते. बचत गटांना बँकेशी जोडण्याचा कार्यक्रम नाबार्डने १९९२ मध्ये सुरू केला, महिला आर्थिक विकास महामंडळ तर १९७५ पासून आहे, त्यामुळे गटांची कल्पना नवी नाही. तरीही शहरात भाड्याच्या खोल्या बदलत राहणाऱ्या बायकांचा गट टिकवणे खेड्यापेक्षा अवघड जाते. जो गट टिकतो त्यामागे बहुधा एखादी वस्तीतलीच, हिशेबाला चोख आणि कोणाच्या दबावाला न येणारी ताई असते. तिला संस्थेने दरमहा मानधन द्यावे, हे मी आग्रहाने सांगतो. फुकट सेवेची अपेक्षा गरिबाकडूनच करणे मला कधी पटले नाही.

दीड-दोन वर्षे सोबत राहावे असे वर म्हटले, त्याला केवळ माझ्या अनुभवाचा आधार नाही. बांगलादेशातील ब्रॅक या संस्थेने २००२ मध्ये अतिगरीब कुटुंबांसाठी एक पद्धत सुरू केली. कुटुंबाला शेळ्या, गाय किंवा छोट्या धंद्याचा माल द्यायचा, ते साधन उत्पन्न देईपर्यंत पोटापुरता भत्ता द्यायचा, थोडी बचत करायला लावायची, प्रशिक्षण द्यायचे, आणि जवळपास दोन वर्षे एका कार्यकर्त्याने नियमित घरी जायचे. भारतासह सहा देशांत या पद्धतीची काटेकोर चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि मदत संपल्यानंतर वर्षभरानेही त्या कुटुंबांचा खर्च, बचत आणि खाणेपिणे इतरांपेक्षा बरे असल्याचे दिसले. पश्चिम बंगालमधील कुटुंबांची दहा वर्षांनी पुन्हा पाहणी झाली, तेव्हाही फरक टिकून होता. घानामध्ये काही कुटुंबांना नुसत्या शेळ्या देऊन पाहिल्या, तर तेवढ्याने असा टिकाऊ बदल झाला नाही. शिलाई मशीन वाटपाच्या कार्यक्रमांना बोलावले की मला ही गोष्ट आठवते. मशीन मिळालेल्या बाईला गिऱ्हाईक कोण आणून देणार, पहिले सहा महिने कापड आणि दोऱ्याला भांडवल कोठून येणार, हे विचारणारा कोणीतरी मंचाच्या खाली उभा असला पाहिजे. नसेल तर ते मशीन घरातल्या पुढच्या आजारपणात विकले जाते.

मुलांच्या बाबतीत नाशिकला एक जमेची बाजू आहे. सातपूरची सरकारी आयटीआय आणि सातपूर-अंबडचे कारखाने एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर आहेत. दहावीनंतर फिटर किंवा इलेक्ट्रिशियनचा ट्रेड, त्यापुढे अप्रेंटिसशिप आणि मग नोकरी, या वाटेने गेलेल्या एका मुलामुळे किंवा मुलीमुळे घर वर आलेले मी जितके पाहिले तितके इतर कोणत्याही उपायाने पाहिले नाही. अडचण दहावीपर्यंत पोचण्याची आहे. शिक्षण हक्क कायद्यातील २५ टक्के राखीव जागांवर खासगी शाळेत गेलेल्या मुलाची फी आठवीपर्यंतच माफ असते. नववीत एकदम पूर्ण फी समोर येते आणि मूल शाळा बदलते किंवा कामाला लागते. पहिलीतल्या मुलांना दप्तरे देण्यासाठी दाते रांगेत असतात. नववीच्या मुलाची फी, दहावीच्या मुलीचा क्लास, आयटीआयत जाणाऱ्याचा बसपास आणि सुरक्षा बूट यांसाठी मात्र कोणी पुढे येत नाही. आपली रक्कम लहान असेल तर ती येथे लावावी, असे मी निःसंकोच सुचवीन.

रक्कम एखाद्या संस्थेला द्यायची असल्यास तिची नोंदणी आणि लेखापरीक्षित हिशेब मागून घ्या. प्रामाणिक संस्था ते आनंदाने दाखवते. किती लोकांना वाटले हा आकडा विचारू नका, मागच्या वर्षी ज्यांच्याबरोबर काम केले त्यांपैकी किती कुटुंबे सावकाराच्या व्याजातून सुटली आणि किती मुले नववीच्या पुढे गेली, एवढे विचारा. उत्तर देताना संस्थाचालकाला वही उघडावी लागली तर ते चांगले लक्षण समजावे. आपण स्वतःच काम करणार असाल तर एका वस्तीतील आठ-दहा कुटुंबांपुरतेच करा, आणि ती निवडण्याचे काम तिथल्या अंगणवाडी सेविकेला व आशाताईंना विचारून करा, कारण कोणत्या घरात चूल पेटली नाही हे नगरसेवकापेक्षा त्यांना आधी कळते.

रोख द्यावी की वस्तू, हेही आपण विचारले होते. शाळेची फी आणि रुग्णालयाचे बिल थेट शाळेच्या किंवा रुग्णालयाच्या खात्यात भरावे, कारण पावती मिळते. बाकी मदत रोखीने आणि शक्यतो घरातील बाईच्या बँक खात्यात द्यावी. पैसे दारूत जातील अशी शंका दरवेळी निघते. काही घरांत ते होते, परंतु तेवढ्यासाठी सगळ्यांना तूरडाळीच्या पिशव्या देणे मला योग्य वाटत नाही. भाडे थकलेल्या घराला डाळीचा काय उपयोग? सुरुवात मे महिन्यात करा, कारण काम कमी होणे, शाळेचा खर्च आणि गळणारे पत्रे हे सारे जूनमध्ये एकदम येते, आणि सावकाराकडच्या फेऱ्याही तेव्हाच सुरू होतात.