कपाटाची किल्ली कुणाकडे?

प्रश्न : नमस्कार बाई. मी गोव्यात, सत्तरी तालुक्यातल्या एका सरकारी प्राथमिक शाळेत शिकवते. दोन खोल्या, दोन शिक्षिका. माझ्याकडे तिसरी-चौथी एकत्र, मिळून चौदा मुलं. पुस्तकं बऱ्यापैकी आहेत, पण सगळी लोखंडी कपाटात, कारण बाहेर ठेवली तर पावसात बुरशी येईल, फाटतील, हरवतील. भिंती तक्त्यांनी भरल्या आहेत. तरी मुलं आपणहून पुस्तक मागत नाहीत, आणि लिहायला सांगितलं की फळ्यावरचं उतरवून काढतात. वर्ग कसा लावू? — एक शिक्षिका, सत्तरी

उत्तर : आधी कपाटाचं बघू. बुरशीच्या भीतीनं आपण पुस्तकं कोंडून ठेवतो, आणि बुरशीला नेमकी तशीच जागा आवडते : बंद, दमट, काळोखी. पावसाळ्यात आपली हवा सतत दमट असते. सत्तरीत डोंगराकडच्या गावांत तर भिंतीच पाझरतात. मी पेडण्यात शिकवत होते तेव्हा चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, सुटीनंतर कपाट उघडलं की आतली कोरी पुस्तकं पांढुरकी होऊन निघायची. खिडकीजवळ दोरीवर टाकलेली मळकी पुस्तकं मात्र ठणठणीत. रोज उघडलं जाणारं, वारा लागणारं पुस्तक सहसा टिकतं.

तेव्हा कपाट उघडंच ठेवा, किल्ली घरी न्या आणि विसरा. पुस्तकं दोन खोल्यांच्या मधल्या भिंतीकडे मांडा. चिऱ्याच्या बाहेरच्या भिंतीला टेकवायचीच वेळ आली, तर वीतभर जागा सोडा, मागून हवा खेळू दे. डांबराच्या गोळ्या वर्गात आणू नका, त्या पोटात गेल्या तर विषारी असतात आणि लहान मुलांना त्या पेपरमिंटसारख्या दिसतात. शनिवारी पुस्तकं झटकून, कोरड्या फडक्यानं पुसून ठेवायची. ते काम मुलांचं. झटकता झटकता दोघंतिघं एखादं पुस्तक उघडून तिथंच बसतात. बसू द्यावं.

फळी किती उंचीवर हवी? जमिनीवर मांडी घातलेल्या तिसरीतल्या मुलाचे डोळे साधारण दोन फुटांवर येतात. पुस्तकाचं चित्र तिथं दिसलं पाहिजे. ज्याला अजून अडखळत वाचावं लागतं तो मुखपृष्ठ बघूनच पुस्तक निवडतो. ओळीनं उभी लावलेली पुस्तकं त्याला सगळी सारखीच. चार चिरे आणि दोन फळ्या असल्या तरी पुरे. त्याही नसल्या तर काथ्याची दोरी ताणा आणि पातळ पुस्तकं मधोमध उघडून तिच्यावर टाका, वर कपड्यांचे चिमटे. एका वेळी वीस-पंचवीसच बाहेर असावीत, आणि महिन्यानं बदलावीत. मी संकष्टीला बदलायची, म्हणजे तारीख लक्षात ठेवावी लागायची नाही.

पुस्तकं फाटतील, हे धरूनच चाला. चिकटपट्टी आणि कात्री तिथंच ठेवा. माध्यान्ह आहाराच्या पावभाजीचे हात धुतल्याशिवाय पुस्तकाला लावायचे नाहीत, एवढा एक नियम मी कडक पाळायला लावायची, बाकी सगळं सैल. नेल्या-आणल्याची वही चौथीच्या मुलांकडे द्या. नाव, पुस्तक, तारीख ती लिहितील. दोनचार पुस्तकं परत येणार नाहीत. ती कुणाच्या तरी घरात आहेत, आणि बऱ्याच घरांत पाठ्यपुस्तक सोडून दुसरं काही नसतं, हेही आठवा. भर घालायला नॅशनल बुक ट्रस्टची मुलांची मराठी पुस्तकं स्वस्त आहेत, आणि प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी गोष्टी फुकट उतरवून छापता येतात.

आता बसायची जागा. शाळा कौलारू असेल तर काचेचं कौल कुठं आहे ते बघा आणि वाचायची चटई बरोबर त्याच्या खाली घाला. नसेल तर दाराजवळ. पावसात फरशी थंडगार पडते, म्हणून दिवाळीपर्यंत प्लास्टिकची चटई बरी, पुढं कुणाच्या घरची जुनी वाकळ. बाकांचं म्हणाल तर सगळे फळ्याकडे तोंड करून हवेतच कशाला? दोन बाक खिडकीशी आडवे लावा, उजेड डाव्या हाताकडून येईल असे (डावरं मूल असेल तर त्याला उलट बाजूला तोंड करून बसवा), आणि ते फक्त लिहिण्यासाठी राखा. त्यांच्यावर पाठकोऱ्या कागदांचा गठ्ठा, टोक केलेल्या पेन्सिली, खोडरबर, सुईदोरा. सुईदोरा वह्या शिवायला. चार कागद दुमडून मधोमध टाके घातले की मुलाचं स्वतःचं पुस्तक होतं. तेही त्याच दोरीवर लटकतं, छापील पुस्तकांच्या शेजारी. जोडवर्गाला याचा मोठा उपयोग. तुम्ही तिसरीला घेऊन बसलात की चौथी तिथं आपली आपण असते.

मुलं फळ्यावरचं उतरवतात, कारण लिहिलेलं वाचणारं कुणी नाही. तपासणारं फक्त आहे. चपलांच्या खोक्याला खाच पाडा आणि पत्रपेटी करा. मुलं तुम्हाला लिहितील, तुम्ही दुसऱ्या दिवशी दोन ओळी उलट लिहायच्या. चौदा मुलांना हे जमतं. चुकांवर लाल शाई नको. चुकलेला शब्द तुमच्या उत्तरात बरोबर लिहून आला की झालं.

आणि ते तक्ते. बाजारातून आणलेले निम्मे तरी काढा. तपासणीला येणाऱ्यांना भरलेली भिंत बरी दिसते, हे मला ठाऊक आहे. मुलं मात्र आठवड्यानंतर तिच्याकडे बघतसुद्धा नाहीत. त्या जागी मुलांनी लिहिलेलं लावा. चवथ झाली की माझ्या वर्गात माटोळीची, म्हणजे गणपतीच्या वर फळं-फुलं बांधतात त्या चौकटीची, भिंत असायची. आपल्या घरच्या माटोळीला काय काय बांधलं ते प्रत्येकानं चिठ्ठीवर लिहून चित्र काढायचं : कांगलां, आंबाडे, तोरिंग, नीरफणस, सुपारी. सत्तरीतल्या मुलांना रानातलं तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त माहीत. नावं घरात म्हणतात तशीच येऊ द्या. मग भांडणं होतात, ‘आमच्याकडे याला असं नाही म्हणत’, आणि चिठ्ठ्या वाढत जातात. सगळ्यात अबोल मूल त्या दिवसांत सगळ्यांत जास्त लिहितं, हा माझा अनुभव आहे.

प्रश्न : आमच्या पालक-शिक्षक संघाला वर्ग रंगवण्यासाठी देणगी मिळाली आहे. भिंतीवर कार्टून काढावीत की मुळाक्षरं? — एक पालक, डिचोली

उत्तर : दोन्ही नकोत. जमिनीपासून तीन फुटांपर्यंतचा पट्टा फळ्याच्या काळ्या रंगानं रंगवून घ्या आणि मुलांना खडू द्या. वर हलका पांढरा किंवा फिका पिवळा रंग, म्हणजे उजेड राहील. पट्टा आतल्या भिंतीवर घ्या. पावसाच्या माऱ्याच्या भिंतीला ओल येते आणि रंगाचे पापुद्रे सुटतात. काम एप्रिल-मेमध्ये उरका, आतापासून रंगाऱ्याला सांगून ठेवा. पैसे उरलेच तर एक चांगला पंखा बसवा.