पुरस्कार समारंभात माजी सैनिक आणि सरकारी कर्मचाऱ्यांनाच वक्ते म्हणून बोलवायचं आहे. काय काळजी घ्यावी?

तुम्ही लिहिलंय की तुमच्या तालुक्यातली संस्था दरवर्षी पुरस्कार देते, यंदाच्या मानकऱ्यांत दोन माजी सैनिक, एक तलाठी आणि एक आरोग्यसेविका आहेत, आणि बाहेरून वक्ता आणण्याऐवजी यांनाच बोलायला सांगावं असं काहींच्या मनात आहे. नियम आड येतात का आणि या मंडळींना बोलतं कसं करायचं, असे तुमचे दोन प्रश्न. सातारा जिल्ह्यातल्या एका वाचनालयाच्या कार्यक्रमांचं काम मी बरीच वर्षं बघतोय, त्यावरून लिहितो.

विचार उत्तम आहे, तो सोडू नका. आपल्याकडच्या बहुतेक गुणगौरव समारंभांत ज्यांचा गौरव असतो तेच सगळ्यात कमी बोलतात. शाल, श्रीफळ, मानपत्राचं वाचन, फोटो, आणि मग "दोन शब्द बोला, वेळ कमी आहे". त्याआधी व्यासपीठावरच्या पुढाऱ्यांची भाषणं तासभर झालेली असतात. याची मला मनापासून चीड येते. ज्या माणसाने तीस वर्षं एखादं काम केलंय, त्याचं ते काम ऐकून घेणं हाच खरा सत्कार असं मी मानतो.

ऐकून घेतलं की काय हाती लागतं, याचं एक उदाहरण अनेकांना आठवत असेल. २०१८ च्या सप्टेंबरात पुण्यात थोरले बाजीराव पेशवे प्रतिष्ठानने लेफ्टनंट जनरल राजेंद्र निंभोरकर यांचा मनोहर जोशी यांच्या हस्ते सत्कार केला. २०१६ च्या सर्जिकल स्ट्राइकच्या वेळी निंभोरकर जम्मूजवळच्या नगरोट्यातल्या लष्करी कोअरचे, म्हणजे मोठ्या सैन्यतुकडीचे प्रमुख होते. त्यांनी सांगितलं की ताबारेषेपलीकडे जायच्या वाटेवर गावं होती, आणि गावातली कुत्री भुंकतील, अंगावर येतील ही चिंता होती. आधी नौशेरा भागात काम केलेलं असल्यामुळे तिथली कुत्री बिबट्याला घाबरतात हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून जवानांनी बिबट्याचं मूत्र सोबत नेलं, गावांच्या बाहेर टाकलं, आणि कुत्री जवळ आली नाहीत. तेव्हाचे संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांनी आठवड्याभराची मुदत दिली होती, जवानांना मोहिमेची कल्पना आधी दिली पण जागा मात्र आदल्या दिवशीच सांगितली, हेही त्यांनी सांगितलं. दुसऱ्या दिवशी देशभरच्या वर्तमानपत्रांत ही बातमी होती. देशभक्तीवरची शेकडो भाषणं लोक विसरतात, पण बिबट्या आणि कुत्र्यांची ही गोष्ट माझ्या ओळखीच्या शाळकरी पोरांनाही पाठ आहे. कारण त्यात काम कसं झालं ते कळतं.

आता नियमांचं. इथे माणूस सेवेत आहे की निवृत्त, यावर सगळं अवलंबून आहे.

तुमचे तलाठी सेवेत असतील तर त्यांना महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ लागू होतात. आरोग्यसेविका जिल्हा परिषदेच्या असतील तर जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्यांसाठीचे वेगळे वर्तणूक नियम आहेत. आयएएस, आयपीएस अधिकाऱ्यांना अखिल भारतीय सेवांचे १९६८ चे नियम, केंद्राच्या कर्मचाऱ्यांना १९६४ चे. सगळ्यांचा गाभा सारखा आहे: आपल्या सन्मानार्थ भरवलेल्या सभेला जाणं, मानपत्र स्वीकारणं यासाठी वरिष्ठांची पूर्वपरवानगी लागते, आणि सरकारच्या धोरणावर जाहीर टीका करता येत नाही. बदली किंवा निवृत्तीच्या वेळचा साधा घरगुती निरोप समारंभ सोडला तर हे पाळावंच लागतं. त्यामुळे तुमचं पत्र निमंत्रणपत्रिका छापायच्या बरंच आधी त्यांच्या हातात पडलं पाहिजे, म्हणजे ते कार्यालयामार्फत परवानगी मागू शकतील. पत्रात पुरस्कार कोण देतंय, पैसे कुणाचे आहेत, रोख रक्कम आहे का, व्यासपीठावर कोण कोण असणार आणि भाषणाचा विषय काय, हे स्पष्ट लिहा. रोख रक्कम ठेवूच नका असा माझा आग्रह आहे. परवानगी त्यामुळे अडते आणि चांगल्या माणसाला उगाच खुलासे करावे लागतात. प्रायोजक असा नको की ज्याचं काम त्याच तलाठ्याच्या टेबलावर पडलेलं आहे. आणि निवडणुकीची आचारसंहिता लागायची शक्यता असेल त्या काळात तारीख धरू नका.

सेवेतला जवान सुट्टीवर गावी आला असेल तर त्याला व्यासपीठावर बसवून गावाने कौतुक करावं, भाषण मात्र मागू नये. लष्कराच्या १९५४ च्या नियमांत २१ वा नियम आहे: लष्करी किंवा राजकीय विषयावर मंजुरीशिवाय व्याख्यान देता येत नाही, वर्तमानपत्रांशी बोलता येत नाही. पोरगा उत्साहात काही बोलून जातो, कुणीतरी मोबाइलवर टाकतं आणि त्रास त्याला होतो.

निवृत्तांना बरीच मोकळीक आहे, पण पूर्ण नाही. शासकीय गुपिते अधिनियम, १९२३ निवृत्तीनंतरही सुटत नाही. गुप्तचर आणि सुरक्षाविषयक संस्थांतून निवृत्त झालेल्यांना २०२१ पासून निवृत्तिवेतनाच्या नियमांनुसार त्या कामाविषयी काही प्रसिद्ध करण्याआधी परवानगी घ्यावी लागते. म्हणून चौक्या कुठे आहेत, किती माणसं असतात, कोणतं यंत्र वापरतात असले प्रश्न सूत्रसंचालकाने विचारायचे नाहीत. "काही गुप्त गोष्टी सांगा ना" म्हणून गळ घालणं तर अजिबात नको. सैनिक नकार देताना संकोचतो आणि सभागृहाला वाटतं याच्याकडे सांगण्यासारखं काही नाही.

निमंत्रणपत्रिकेबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण इथे जवळजवळ प्रत्येक संस्था चुकते. लष्करी हुद्दा नावाआधी लिहायचा आणि "(निवृत्त)" हा शब्द नावानंतर. म्हणजे "कर्नल अमुक तमुक (निवृत्त)". सैन्यात म्हणतात की माणूस निवृत्त होतो, हुद्दा नाही, म्हणून "कर्नल (निवृत्त) अमुक" असं लिहिलेलं जुन्या अधिकाऱ्यांना खटकतं. आपल्याकडे गावात प्रत्येक फौजीला प्रेमाने "मेजर" म्हणतात. बोलताना चालतं, पत्रिकेवर आणि मानपत्रावर मात्र त्यांचा खरा हुद्दा छापा. नाईक असतील तर नाईक, हवालदार असतील तर हवालदार. सुभेदारांना निवृत्तीच्या सुमारास मानद कॅप्टन हा हुद्दा मिळालेला असू शकतो, तोही विचारून घ्या. पेन्शनच्या कागदावर हुद्दा लिहिलेला असतो, तो बघितला की शंका राहत नाही.

पद्म पुरस्कारांचं उलट आहे. राज्यघटनेच्या १८ व्या कलमाने किताब बंद केले, लष्करी आणि शैक्षणिक बिरुदं तेवढी वगळली. पद्म पुरस्कार घटनेत बसतात, पण ते नावाच्या मागेपुढे लावता येत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये सांगितलं. तरीही "पद्मश्री अमुक" असं सर्रास छापलं जातं. परिचयात "यांना पद्मश्री मिळाली आहे" असं सांगा, नावाला चिकटवू नका.

शौर्यपदकांचीही अशीच गल्लत होते. परमवीरचक्र, महावीरचक्र, वीरचक्र ही शत्रूसमोरच्या शौर्याची. अशोकचक्र, कीर्तिचक्र, शौर्यचक्र ही रणांगणाबाहेरच्या शौर्याची, आणि ती सामान्य नागरिकांना, पोलिसांनाही मिळतात. विशिष्ट सेवा पदकं वेगळी, ती सेवेसाठी असतात. गिरगाव चौपाटीवर कसाबच्या रायफलची नळी धरून ठेवणारे तुकाराम ओंबळे यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळालं, ते पोलिस खात्यात साहाय्यक उपनिरीक्षक असताना. त्याआधी ते सैन्यात सिग्नल्समध्ये, म्हणजे संदेशवहनाच्या विभागात होते. आमच्या जावळी तालुक्यातल्या केडंब्याचा हा माणूस माजी सैनिक आणि लोकसेवक दोन्ही होता, हे परिचय लिहिणाऱ्याने ध्यानात ठेवावं. या दोन सेवांमधली भिंत आपण समजतो तेवढी जाड नाही. सैन्यातून येऊन पोलिसात, बँकेत, एसटीत, महसुलात लागलेली माणसं पश्चिम महाराष्ट्रात गावोगाव आहेत.

आता बोलतं करण्याचं. हवालदार किंवा आरोग्यसेविका तुम्हाला पहिल्यांदा हमखास म्हणणार, "मी काय बोलणार? साहेबांना बोलवा." हा नकार खरा धरू नका. त्यांना भाषणाची भीती असते, कामाबद्दल सांगायची नसते. म्हणून भाषण ठेवूच नका, मुलाखत ठेवा. आधी एकदा घरी जाऊन निवांत बसा, घाई करू नका, आणि ऐकताना तुम्हाला जिथे नवल वाटलं ते प्रश्न लिहून ठेवा. "देशसेवेचा अनुभव कसा होता?" या प्रश्नाला उत्तर नसतं. "गाडी कितीला सुटायची?" याला असतं.

आमच्याकडे आर्मी सर्व्हिस कोअरमधून, म्हणजे लष्कराला रसद पुरवणाऱ्या विभागातून निवृत्त झालेले एक चालक आले होते. त्यांनी कुठल्याही लढाईत गोळी झाडलेली नाही, हे त्यांनी सुरुवातीलाच सांगितलं, आणि पहिल्या रांगेतल्या पोरांचे चेहरे जरा पडले. मग त्यांना काश्मीरमधून लडाखला जाणाऱ्या झोजिला घाटाबद्दल विचारलं. साडेअकरा हजार फुटांवरचा घाट, एका बाजूला कडा, ट्रकमध्ये पुढच्या चौक्यांसाठी रॉकेल आणि पीठ. चाकांना साखळ्या कशा बांधायच्या, उघड्या बोटांनी लोखंडाला हात लावला तर कातडी कशी चिकटते, पुढची गाडी घसरली तर मागच्याने आधी काय करायचं आणि काय अजिबात करायचं नाही. हिवाळ्याआधी जे वर पोहोचलं नाही ते वरच्या जवानाला वसंतापर्यंत मिळणार नाही, हे त्यांनी इतकं शांतपणे सांगितलं की सभागृहात कुणी जागचं हललं नाही. भरतीची तयारी करणारी मुलं नंतर त्यांच्याभोवती गोळा झाली.

सरकारी माणसाचंही तसंच. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूरला कृष्णा-पंचगंगेचा महापूर आला, तेव्हा पंचनाम्याच्या कामावर असलेले, आता निवृत्त झालेले एक महसूल कर्मचारी आम्ही बोलवले होते. घर पूर्ण पडलं की अंशतः पडलं, हे चिखलात उभं राहून ठरवायचं. कागदावर नाव एकाचं आणि राहतो दुसराच, भाडेकरूचं सामान गेलंय पण घर मालकाचं आहे, मदत कुणाच्या नावे लिहायची? एकाच गोठ्यातली जनावरं दोन भावांची. लोक रडत असतात, ओरडतही असतात, आणि आपण लिहिलेल्या एका ओळीवर त्यांचं वर्ष अवलंबून असतं. हे ऐकल्यावर तलाठी कार्यालयाकडे बघण्याची माझी स्वतःची नजर बदलली. तुमच्या आरोग्यसेविकांना लसीकरणाच्या दिवसाबद्दल असंच विचारा: पेटी केंद्रातून किती वाजता निघते, बर्फ वितळायच्या आत शेवटची वस्ती कशी गाठतात, दार न उघडणाऱ्या घरासमोर त्या काय बोलतात.

वीरनारींना, म्हणजे शहीद जवानांच्या पत्नींना बोलवणार असाल तर फार जपून. त्यांना रडवण्यासाठी प्रश्न विचारले जातात, मागे दुःखी संगीत लावलं जातं, हे मी पाहिलंय आणि ते क्रूर आहे. त्यांना बोलायचं आहे का, कशाबद्दल बोलायचं आहे, हे आधी त्यांनाच विचारा. कर्नल संतोष महाडिक २०१५ मध्ये कुपवाड्यात शहीद झाले आणि २०१७ मध्ये त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक स्वतः प्रशिक्षण पूर्ण करून सैन्यात अधिकारी झाल्या. अशा स्त्रीची ओळख केवळ "शहिदाची पत्नी" अशी करून देणं अपुरं आहे. कुणी मुलांचं शिक्षण, कुणी शेती, कुणी पेन्शनच्या कागदांसाठी दिलेली झुंज सांगेल. आणि नाही म्हणाल्या तर सन्मान घरी जाऊन द्या.

काही बारीकसारीक गोष्टी. प्रत्येकाला किमान वीस मिनिटं द्या आणि ती कार्यक्रमाच्या सुरुवातीला द्या. मान्यवरांची मनोगतं नंतर. १९७१ च्या युद्धातले सैनिक आता सत्तरीच्या पुढे आहेत, तोफखान्यातल्या अनेकांना ऐकू कमी येतं, म्हणून मुलाखतकाराने शेजारी बसावं, पोडियमवरून प्रश्न टाकू नये. पदकं असतील तर घालून या असं आवर्जून सांगा, नाहीतर संकोचाने ती पेटीतच राहतात. साध्या कोटावर किंवा सदऱ्यावर डाव्या छातीला लावतात. येण्याजाण्याची गाडी संस्थेची. कार्यक्रम चित्रित करणार असाल तर यूट्यूबवर टाकण्याआधी त्यांना दाखवा, आणि ते म्हणतील तो भाग न कुरकुरता काढून टाका.

पुढच्या वर्षीसाठी माणसं शोधायची असतील तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. जिल्ह्यातल्या माजी सैनिकांची आणि वीरनारींची नोंद तिथे असते आणि पत्र दिलं तर ते निरोप पोहोचवतात. १५ ऑगस्ट, २६ जानेवारी, कारगिल विजय दिनाचा २६ जुलै आणि ध्वजदिनाचा ७ डिसेंबर या तारखांना त्यांना ठिकठिकाणाहून बोलावणी असतात. मधला एखादा रविवार धरा, संध्याकाळी पाचचा, म्हणजे लांबच्या गावचा माणूस बोलून, जेवून वेळेत घरी पोहोचेल.