एवढा मोठा जिओकॅशचा डबा आणि आत फक्त लॉगबुक, ही फसवणूक आहे का?

जिओकॅश म्हणजे कुणीतरी लपवून ठेवलेला आणि जीपीएसच्या मदतीने शोधायचा डबा; त्याची माहिती खेळाच्या संकेतस्थळावरच्या पानावर असते. तुम्ही लिहिलंय की त्या पानावर आकार 'लार्ज' होता. तासभर शोधल्यावर बादलीएवढा डबा हाती लागला आणि झाकण उघडलं तर आत एक वही आणि एक पेन्सिल, बाकी काहीच नाही. डबा लपवणाऱ्या मालकाने फसवलं, की आधी येऊन गेलेल्या कुणी आतलं सगळं उचलून नेलं, असा तुमचा प्रश्न आहे.

बहुधा दोन्ही नाही. 'लार्ज' हे डब्याचं माप आहे, आत काय सापडेल याचं आश्वासन नाही. १०० मिलिलिटरपेक्षा कमी मावत असेल तर मायक्रो, तिथून १ लिटरपर्यंत स्मॉल, १ ते २० लिटर रेग्युलर आणि २० लिटरच्या पुढे लार्ज. माप सांगायचं ते मुख्यतः शोधणाऱ्यासाठी. दगडाच्या फटीत बोटं घालून चाचपायचं की झुडपामागे वाकून बघायचं, हे त्याला त्यावरून ठरवता येतं. डब्यात असलीच पाहिजे अशी वस्तू एकच, सही करायला कागद. खेळणी, नाणी, बिल्ले हे सगळं ऐच्छिक.

तरी तुम्हाला वाटलं त्यात तुमची काही चूक नाही. २ मे २००० रोजी अमेरिकी सरकारने नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली आणि दुसऱ्याच दिवशी डेव्ह अल्मर यांनी ओरेगॉनमध्ये बीव्हरक्रीकजवळ एक काळी प्लास्टिकची बादली अर्धवट पुरून ठेवली. तिच्यात वही-पेन्सिल होती, शिवाय पुस्तकं, व्हिडिओ, सॉफ्टवेअर, थोडे पैसे, एक गलोल आणि बीन्सचा डबासुद्धा होता. काहीतरी घ्या, काहीतरी ठेवा, वहीत नोंद करा, एवढाच नियम. म्हणजे या खेळाची सुरुवातच भरलेल्या बादलीने झाली. मोठा डबा दिसला की आत काहीतरी असणार ही अपेक्षा तिथून आली आहे.

पण याच्याही खूप आधीची एक रीत आहे. १८५४ साली इंग्लंडमधल्या डार्टमूरच्या माळावर, क्रॅनमिअर पूल या दुर्गम जागी, जेम्स पेरॉट नावाच्या वाटाड्याने एक बाटली ठेवली. इतक्या लांब चालत येणाऱ्याने आपलं भेटकार्ड तिच्यात टाकायचं. घेण्यासारखं काही नाही, फक्त 'मी इथवर आलो होतो' एवढं सांगायचं. लेटरबॉक्सिंग, म्हणजे लपवलेले डबे शोधून नोंद करायचा जुना खेळ, त्यातूनच वाढलं. फक्त वही असलेला मोठा डबा मला या बाटलीच्या घराण्यातला वाटतो, आणि मला तो मनापासून आवडतो.

याला माझा स्वतःचा अनुभव कारण आहे. मी पहिल्यांदा लार्ज डबा लपवला तेव्हा तो काठोकाठ भरला होता. छोट्या गाड्या, रंगीत खडू, चांगले की-चेन, एक होकायंत्रसुद्धा. पहिल्या काही जणांनी तोलामोलाची अदलाबदल केली. मग माल उतरत गेला. गाडी गेली आणि तिच्या जागी बाटलीचं झाकण आलं, होकायंत्र गेलं आणि गंजलेली क्लिप आली. शेवटी कुणीतरी गोळ्यांचं पाकीट ठेवलं. खाण्याचं काही ठेवू नये हा नियम आहे, आणि का आहे ते मला त्या दिवशी कळलं. झाकणाच्या कडेला दातांनी कुरतडल्याच्या खुणा होत्या, आत मुंग्यांची रांग लागली होती आणि वहीची पानं चिकट होऊन एकमेकांना धरून बसली होती. मी सगळं बाहेर काढलं, डबा धुऊन वाळवला आणि आत एक नवी जाड वही ठेवली. बाकी काही नाही.

त्यानंतर जे झालं त्याची मी कल्पना केली नव्हती. नॅनो, म्हणजे मायक्रोतल्या सगळ्यात छोट्या डब्यात कागदाची सुरळी करंगळीच्या नखापेक्षा रुंद नसते, त्यावर आद्याक्षरं आणि तारीख बसली तरी खूप. मोठ्या वहीत माणसं लिहायला लागतात. कुठल्या बाजूने चढलो, वाटेत काय दिसलं, कुणाबरोबर आलो होतो. एका कुटुंबाने लेकराचा तळवा पानावर ठेवून पेन्सिलीने त्याची बाह्यरेखा काढली होती, इतकी दाबून की ती मागच्या पानावरही उमटली. पुढच्या वर्षी तेच कुटुंब परत आलं, त्यांनी ते पान शोधून काढलं आणि त्याच रेषेवर नवा तळवा काढला. प्रत्येक बोट जुन्या रेषेच्या पेरभर बाहेर आलं होतं. डब्यात खेळणी होती त्या काळात असं पान एकदाही भरलं नव्हतं.

असा डबा स्वतः ठेवायचा विचार असेल तर एक गोष्ट आधी सांगतो. रिकाम्या मोठ्या डब्यात वही लवकर सर्दते. पावसाळी हवेत झाकण उघडलं की दमट हवा आत भरते, रात्री गारठ्यात तिचं पाणी झाकणाच्या आतून थेंब धरतं आणि तळाशी पडतं. वीस लिटर हवेतलं पाणी ते किती असणार, पण ते शोषून घेणारी आत एकच वस्तू असते, ती म्हणजे कागद. म्हणून वही तळाला टेकवू नका. दोन घट्ट पिशव्यांत घालून झाकणाखाली टांगा. झाकणाची रबरी कडी दर खेपेला पुसा, कारण तिच्यावर अडकलेली गवताची एक काडीसुद्धा पाणी आत यायला पुरते. पेनची शाई फुटते, तेव्हा पेन्सिलच बरी. डब्यावर 'जिओकॅश' असं ठळक लिहा आणि जागामालकाची परवानगी घ्या. आडबाजूला पडलेला निनावी मोठा डबा बघून माणसं पोलिसांना बोलावतात, आणि तसं घडलेलंही आहे.

आता तुम्हाला सापडलेल्या डब्याबद्दल. पानावरचं वर्णन आणि जुन्या नोंदी पुन्हा एकदा वाचा. पूर्वीच्या लोकांनी 'अमुक घेतलं, तमुक ठेवलं' असं लिहिलं असेल किंवा फोटोत वस्तू दिसत असतील, तर डबा कुणीतरी रिकामा केलाय. तसं मालकाला सभ्य शब्दांत कळवा. सगळ्या नोंदींत 'टीएनएलएन', म्हणजे काही घेतलं नाही, काही ठेवलं नाही, एवढंच असेल तर तो मुळातच वहीचा डबा आहे. तळ एकदा ठोकून बघितला होता ना? काही हौशी मालक मोठ्या डब्याला दुसरा तळ बसवतात. मालकांनी 'आत फक्त वही' हे तीन शब्द पानावर लिहायला हवेत, असं माझं ठाम मत आहे. लहान मुलं हातात खेळणं घेऊन बदलायला येतात, त्यांचा हिरमोड टाळणं मालकाच्या हातात असतं.

वहीच्याच डब्यात स्वतःहून वस्तू भरू नका. ट्रॅव्हल बग, म्हणजे एका डब्यातून दुसऱ्या डब्यात नेत राहायचा क्रमांकाचा बिल्ला, तर मुळीच ठेवू नका. अदलाबदलीच्या डब्यात तो पुढे नेणारी माणसं येतात, इथे तो महिनोन् महिने पडून राहील किंवा हरवेल.

तुम्ही त्या वहीत फक्त नाव आणि तारीख लिहून आला असाल, तर एकदा परत जा. पेन्सिलीला टोक करायला काहीतरी सोबत न्या, अशा डब्यांतली पेन्सिल बहुतेक वेळा बोथट असते. आधीची पानं वाचा, आणि मग तासभर कुठे कुठे शोधलंत ते नीट लिहून ठेवा.